ना-हरकत कुणाची?

निवडणूक जाहीर झाली की तालुक्याच्या गावात सर्वांत आधी ज्या जागेची चौकशी सुरू होते ती म्हणजे कॉलेजचे मैदान. पाच-दहा हजार माणसे मावतील अशी सपाट, कुंपणाची आणि रस्त्यालगतची दुसरी जागा बहुधा गावात नसतेच. मग मांडव पडतो, ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात आणि शेजारच्या वर्गात प्राध्यापक आवाज चढवून शिकवत राहतात. हे बरे की वाईट यावर आपल्याकडे दोन ठरलेली मते आहेत. विद्येच्या आवारात राजकारणाची सावलीही पडू नये, असे एक मत. सुट्टीच्या दिवशी मैदान रिकामेच असते, तिथे सभा झाली म्हणून काय बिघडले, असे दुसरे. दोन्ही मते मैदानावरच खिळलेली आहेत; मैदान कोण देतो, कुणाला देतो आणि समोर बसलेले लोक आपणहून आले आहेत का, या प्रश्नांपर्यंत ती पोचत नाहीत. शैक्षणिक आवारात प्रचार होऊ द्यावा की नाही हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. संस्थेने संस्था म्हणून कुणाही उमेदवाराच्या पाठीशी उभे राहू नये आणि विद्यार्थ्यांना कुणाचेही सक्तीचे श्रोते बनवू नये, हा खरा नियम असायला हवा. आपले नियम मैदानाबद्दल पुष्कळ बोलतात. या दोन गोष्टींबद्दल मात्र ते जवळजवळ मुके आहेत.

आधी नियम काय आहे ते पाहू, कारण तो अनेकांना वाटतो तसा नाही. शाळा-महाविद्यालयांच्या मैदानावर राजकीय सभा घ्यायला निवडणूक आयोगाची सरसकट बंदी नाही. आयोगाच्या सूचनांनुसार अटी आहेत: शैक्षणिक वेळापत्रक कोणत्याही कारणाने विस्कळीत होता कामा नये, संस्थेच्या व्यवस्थापनाची हरकत नसावी, व्यवस्थापनाची आणि उपविभागीय अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घ्यावी, जो आधी मागेल त्याला आधी द्यावे, आणि कोणत्याही एका पक्षाला त्या मैदानावर मक्तेदारी गाजवू देऊ नये. पंजाब आणि हरियाणा यांचा अपवाद आहे, कारण तिथल्या उच्च न्यायालयाचा अशा वापराला स्पष्ट मनाई करणारा आदेश आहे. याच्या जोडीला ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. त्यांत शैक्षणिक संस्थांभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून धरलेले होते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे घोषित केल्याशिवाय ते शांतता क्षेत्र ठरत नाही. म्हणजे एक नियम मैदान देतो आणि दुसरा तिथला कर्णा बंद करू शकतो, पण सरकारने आधी कागद काढलेला असेल तरच. आपल्याकडे नियमांच्या अशा भेटीगाठी वरचेवर होतात.

आयोगाच्या अटी वाईट नाहीत. किंबहुना ‘आधी मागेल त्याला आधी’ आणि ‘मक्तेदारी नको’ या दोन अटींत न्यायाचे बरेचसे सार आले आहे. अडचण मधल्या अटीत आहे, व्यवस्थापनाच्या ना-हरकतीत. ही अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक तटस्थ व्यवस्थापन असावे: मुलांच्या परीक्षा, गवताची निगा आणि भिंतींचा रंग यांची काळजी करणारे, आणि आलेल्या सगळ्या अर्जांकडे सारख्याच नाखुषीने पाहणारे. महाराष्ट्रात ही कल्पना फार काळ टिकत नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले आणि त्यानंतरच्या काही दशकांत राज्याचा राजकीय नकाशा आणि शिक्षणसंस्थांचा नकाशा एकमेकांवर बसत गेले. साखर कारखाना, दूध संघ आणि शिक्षणसंस्था या एकाच घराच्या तीन खोल्या झाल्या. यातून खेड्यापाड्यातल्या मुलांना शिक्षण मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या पिढीचे हजारो अभियंते या संस्थांतून बाहेर पडले. पण निवडणुकीच्या काळात याचा सरळ परिणाम असा होतो की मैदान मागणारा उमेदवार आणि ना-हरकत देणारा अध्यक्ष ही पुष्कळदा एकच व्यक्ती असते, नाहीतर एका ताटात जेवणारी दोन माणसे असतात. प्रतिस्पर्ध्याचा अर्ज नाकारायचीही गरज पडत नाही. मैदानाचे सपाटीकरण सुरू आहे, एवढे सांगितले की भागते.

आणि मैदान हा यातला सगळ्यात निरुपद्रवी भाग आहे. ते सगळ्यांना दिसते, त्याचे फोटो निघतात, तक्रार करता येते. संस्थेजवळ याहून मोलाच्या गोष्टी असतात: वातानुकूलित सभागृह, विद्यार्थ्यांना आणणाऱ्या बसगाड्या, वसतिगृहाची भोजनगृहे, विद्यार्थी-पालकांच्या मोबाइल क्रमांकांची यादी, नोकरीची भीती असलेले कर्मचारी आणि हजेरीची भीती असलेले विद्यार्थी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे सरकारी नोकराने उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मतदान प्रतिनिधी म्हणून काम केले तर तो गुन्हा आहे. विनाअनुदानित महाविद्यालयातला प्रयोगशाळा सहायक सरकारी नोकर नाही. त्याला अध्यक्षांच्या प्रचाराला जुंपले तर त्याने हे कलम दाखवायचे कुणाला?

सक्तीच्या श्रोत्यांचा प्रश्न तर आपल्या नियमांत धड नोंदलेलाही नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या दिवसांत मुंबईच्या उपनगरातल्या एका महाविद्यालयात एका उमेदवाराच्या मुलाचा कार्यक्रम झाला. आम्हाला सक्तीने बसवले गेले, ओळखपत्रेही काढून घेतली, असा आरोप विद्यार्थ्यांनी केला आणि एका विद्यार्थ्याने भर सभेत उभे राहून तसे विचारल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. आरोपाची शहानिशा हा वेगळा भाग. पण असा कार्यक्रम ‘चर्चासत्र’ म्हणून होतो, मैदानावर नव्हे तर सभागृहात होतो, आणि व्यासपीठावरचा माणूस स्वतः उमेदवार नसतो. तेवढ्याने तो मैदानाच्या नियमातून अलगद निसटतो. अमेरिकेत याचे मोठे रूप पाहायला मिळाले. व्हर्जिनिया राज्यातल्या लिबर्टी या खासगी ख्रिस्ती विद्यापीठात २३ मार्च २०१५ रोजी सिनेटर टेड क्रूझ यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. सभागृह गच्च भरलेले होते, कारण त्या मेळाव्याला हजर राहणे विद्यार्थ्यांना बंधनकारक होते. काहींनी निषेध म्हणून दुसऱ्याच इच्छुकाच्या, रँड पॉल यांच्या नावाचे टी-शर्ट घातले. विद्यापीठाचा बचाव असा की आमचे व्यासपीठ सर्वांना खुले आहे, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथेच डाव्या विचारांचे बर्नी सँडर्स बोलून गेले. पण सगळ्यांना व्यासपीठ दिले म्हणून श्रोत्याचा उठून जाण्याचा हक्क काढून घेता येत नाही. दोन्ही बाजूंचे भाषण सक्तीने ऐकायला लावले तर सक्ती दुप्पट होते, एवढेच.

हे उदाहरण दिले म्हणून अमेरिकेतले नियम ढिले आहेत असे समजू नये. उलट संस्था कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, याचा सगळ्यात बारकाईने विचार तिथेच झाला आहे, आणि तो तत्त्वज्ञानातून नव्हे तर करातून आला. १९५४ साली सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी करकायद्यात एक दुरुस्ती घुसवली: करमाफी मिळवणाऱ्या धर्मादाय व शैक्षणिक संस्थांनी कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने प्रचारात भाग घेऊ नये. हेतू उदात्त नव्हता. काही संस्था त्यांच्याच विरोधात काम करीत होत्या असे मानले जाते. बहुतेक खासगी विद्यापीठे करमुक्त असल्यामुळे ही अट त्यांच्या गळ्यात पडली. तिची खरी परीक्षा १९७० मध्ये झाली. कंबोडियावरच्या स्वारीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, ४ मे रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले आणि देशभरचे कॅम्पस पेटले. प्रिन्स्टन विद्यापीठाने मग एक योजना काढली: नोव्हेंबरमधल्या निवडणुकीआधी दोन आठवडे सुट्टी, म्हणजे ज्याला प्रचार करायचा त्याने करावा. इतर विद्यापीठांनाही ती भावली, पण करमाफी जाईल अशी भीती होती. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने मार्गदर्शक सूत्रे तयार केली आणि आयकर खात्याने ती मान्य केली. सूत्र साधे होते. सुट्टी सर्वांना द्या, त्या सुट्टीत कुणी काय करायचे ते विद्यापीठाने सांगू नये, आणि ती दुसऱ्या एखाद्या सुट्टीच्या बदल्यात असावी, अभ्यासक्रम कापून नव्हे.

दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याच खात्याने दिलेले दोन निर्णय तर कुणाही कुलसचिवाने टेबलाच्या काचेखाली ठेवावेत असे आहेत. एका विद्यापीठात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना काही आठवडे प्रत्यक्ष निवडणूक प्रचारात काम करणे अभ्यासाचा भाग म्हणून आवश्यक होते. कोणता उमेदवार, हे विद्यार्थी ठरवत. खाते म्हणाले, यात विद्यापीठाचा सहभाग नाही. दुसऱ्या प्रकरणात विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र उमेदवारांना पाठिंबा देणारे अग्रलेख छापत असे, आणि त्याला जागा व सल्लागार प्राध्यापक विद्यापीठाकडून मिळत. खाते म्हणाले, हे मत विद्यार्थ्यांचे, विद्यापीठाचे नव्हे. आता याच्या शेजारी २००७ सालच्या मार्गदर्शक निर्णयातले एक उदाहरण ठेवा. विद्यापीठाचा अध्यक्ष माजी विद्यार्थ्यांच्या वार्तापत्रातल्या आपल्या स्तंभात एका उमेदवाराला पाठिंबा देतो आणि तेवढ्या पानाच्या छपाईचा खर्च पदरमोड करून भरतो. तरीही तो संस्थेने केलेला प्रचार ठरतो, कारण वार्तापत्र संस्थेचे आहे. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला संस्थेच्या खोलीत बसून उघडपणे बाजू घेता येते आणि संस्थेच्या प्रमुखाला स्वतःच्या पैशानेही घेता येत नाही, हे पहिल्यांदा उलटे वाटेल. ते उलटे नाही. विद्यार्थी बोलतो तेव्हा तो एकटा बोलतो. प्रमुख संस्थेच्या कागदावर बोलतो तेव्हा प्रवेश, गुण, नेमणुका आणि बढत्या त्याच्यासोबत बोलत असतात.

आपण नेमके याच्या उलट करतो. २००५ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशी सप्टेंबर २००६ मध्ये न्यायालयाने लागू केल्या. विद्यार्थी उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. छापील पोस्टर नको, हाताने केलेले चालेल, तेही ठरवून दिलेल्या जागी. प्रचाराला ध्वनिक्षेपक नाही, वाहन नाही. राजकीय पक्षांशी संबंध नको. यातल्या पुष्कळ गोष्टी समंजस आहेत आणि त्या मोडल्या की काय होते हे दिल्ली विद्यापीठाने दाखवले आहे: २०२४ मध्ये भिंतींच्या विद्रूपीकरणामुळे उच्च न्यायालयाने विद्यार्थी संघाची मतमोजणीच रोखली आणि २७ सप्टेंबरच्या मतदानाचा निकाल २५ नोव्हेंबरला लागला. महाराष्ट्रात तर १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वैमनस्यातून ओवेन डिसूझा या विद्यार्थिनेत्याचा खून झाला आणि पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका मोडीत काढून गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण ती दीर्घकाळ कागदावरच राहिली. गंमत अशी की १९८९ हेच मतदानाचे वय २१ वरून १८ वर आल्याचे वर्ष. लोकसभेचा खासदार निवडायला जो पुरेसा शहाणा ठरला, तो वर्गप्रतिनिधी निवडायला पुरेसा शहाणा ठरला नाही. विद्यार्थ्याच्या कागदी पोस्टरवर आपल्याकडे कलमांची रांग आहे; त्याच इमारतीच्या फाटकावर अध्यक्षांच्या वाढदिवसाचा चाळीस फुटी फलक लागतो, त्यात पक्षाचे चिन्ह असते, आणि त्यावर एकही कलम चालत नाही.

मग बंदीच का करू नये, पंजाब-हरियाणासारखी? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याच्यामागे मुलांच्या अभ्यासाची काळजी आहे. पण सरसकट बंदी सगळ्यांवर सारखी पडत नाही. जागा ज्याच्याजवळ आहे त्याला बंदी फक्त सभेपुरती टोचते. बसगाड्या, कर्मचारी, सभागृहातले ‘मार्गदर्शन शिबिर’ हे सगळे चालूच राहते. जागा ज्याच्याजवळ नाही, त्या लहान पक्षाच्या किंवा अपक्ष उमेदवाराच्या हातून मात्र गावातली एकमेव परवडणारी जागा जाते. शिवाय महाराष्ट्रातल्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे काय करणार? ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत सात जागा पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या. शिक्षक मतदारसंघाचा मतदार दिवसभर ज्या इमारतीत असतो, तिथे उमेदवाराने पाऊलच ठेवायचे नाही असे म्हणणे म्हणजे प्रचार शिक्षकांच्या खोलीतून उचलून हॉटेलातल्या पार्टीत नेणे. विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुकाही आता पक्षांच्या युवा संघटना उघडपणे लढतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटातल्या दहाही जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या युवासेनेने जिंकल्या. राजकारण आवारात केव्हाच आले आहे. त्याला दाराबाहेर ठेवण्याचा आव आणला की ते मागच्या दाराने आणि मालकाच्या मर्जीने येते.

दुसरा आक्षेप संस्थाचालकांचा: संस्था आम्ही उभी केली, जमीन आम्ही मिळवली, सभागृह कुणाला द्यायचे हे आम्ही ठरवू. भावना समजण्यासारखी आहे, पण कायद्यात ती टिकत नाही. संस्था विश्वस्त न्यास म्हणून नोंदलेली असते, विश्वस्त तिचा मालक नसतो, आणि तिच्या उत्पन्नाला जी करसवलत मिळते ती सार्वजनिक कामासाठी. आयकर कायद्यातल्या एका कलमानुसार न्यासाची जमीन, इमारत किंवा इतर मालमत्ता संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांचे नातेवाईक अशा निकटच्या व्यक्तीला पुरेसे भाडे न घेता वापरायला दिली, तर करसवलत धोक्यात येते. हे कलम प्रचाराचा विचार करून लिहिलेले नाही, पण विश्वस्त-उमेदवाराने फुकट वापरलेले सभागृह त्यात बसू नये असे काही त्यात दिसत नाही. दुसरा पुरावा निवडणूक कायद्यातच आहे. मतदान केंद्रासाठी किंवा मतपेट्या ठेवण्यासाठी सरकार इमारत ताब्यात घेऊ शकते, ते कलम १६०. आणि त्याबद्दल परिसरातले भाडे लक्षात घेऊन भरपाई द्यावी लागते, ते कलम १६१. प्रत्यक्ष मतदानासाठी सरकारला इमारत फुकट मिळत नाही, तिथे उमेदवाराला ती कोणत्या नात्याने मिळते? कलम ७७ प्रमाणे उमेदवाराने खर्चाचा हिशेब ठेवायचा असतो आणि २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख ही मर्यादा आहे. सभागृहाचे, बसगाड्यांचे आणि माणसांच्या दिवसांचे बाजारभावाने भाडे त्यात धरले, तर काही हिशेब पहिल्याच आठवड्यात फुगतील.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. नियम कडक केले तर ते वापरणार कोण? सरकारी विद्यापीठात कुलगुरू आणि पोलीस. आणि त्यांना वरून फोन येतो. ही भीती खरी आहे, कारण विद्यापीठाचा मालक नेहमीच संस्थाचालक नसतो, कधी तो सरकार असतो. डिसेंबर २०२३ मध्ये, लोकसभा निवडणूक काही महिन्यांवर असताना, विद्यापीठ अनुदान आयोगाने आवारात ‘सेल्फी पॉइंट’ उभारायला सांगितले, आणि सुचवलेल्या आराखड्यांत पंतप्रधानांची छबी होती. आचारसंहिता तेव्हा लागू नव्हती, म्हणून नियमभंग नव्हता. पण पक्ष कोणताही सत्तेवर असता तरी ते संस्थेच्या भिंतीवर संस्थेच्या खर्चाने लावलेले छायाचित्रच ठरले असते. तेव्हा अधिकाऱ्याच्या विवेकावर जितके कमी सोपवू तितके बरे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये कॅन्सस सिटीतल्या मिसूरी विद्यापीठाच्या एका प्रकरणात जो धागा पकडला तो इथे उपयोगी पडतो. विद्यापीठाने विद्यार्थी गटांना खोल्या दिल्या होत्या, पण एका धार्मिक गटाला नाकारल्या. न्यायालय म्हणाले, खोल्या द्यायलाच हव्यात असे नाही; पण एकदा सर्वांसाठी उघडल्या की कोण काय बोलणार हे पाहून दार लावता येणार नाही. कुलगुरूंना वरून फोन आला तर त्यांच्या हातात उत्तर हवे: एकाला दिले आहे, आता दुसऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार माझ्याजवळ नाही.

म्हणून करायचे काय, तर आयोगाच्या सूचनेतले ‘व्यवस्थापनाची हरकत नसावी’ हे वाक्य थोडे सरकवायचे. संस्थेने आचारसंहितेच्या काळात जागा द्यायची की नाही हे एकदाच, सर्व पक्षांसाठी, निवडणूक जाहीर होण्याआधी ठरवून उपविभागीय अधिकाऱ्याला कळवावे. द्यायची ठरली तर भाडे आणि रिकामे दिवस फाटकावर लावावेत, आणि अर्ज संस्थेकडे नव्हे तर त्या अधिकाऱ्याकडे जावेत. नकाराचे कारण लेखी असावे. ‘सपाटीकरण’ असे असेल तर रोलर आलेला दिसला पाहिजे. ज्या कार्यक्रमात उमेदवार, त्याचे निकटचे नातेवाईक किंवा पक्षाचा पदाधिकारी व्यासपीठावर असेल, तिथे हजेरी घेणे, ओळखपत्र जमा करणे, तासिका रद्द करून मुलांना पाठवणे हे सगळे स्पष्टपणे मना असावे, मग कार्यक्रमाचे नाव काहीही असो. विद्यार्थ्यांच्या मंडळाने त्याच सभागृहात चारही उमेदवारांना बोलावून प्रश्न विचारायचे ठरवले, तर मात्र त्याला कुणाची ना-हरकत लागू नये. आणि जागेच्या प्रत्येक वापराची नोंद, भाड्याच्या पावतीसकट, निवडणूक खर्च निरीक्षकाकडे जावी, म्हणजे त्याला ती उमेदवाराच्या रोजच्या हिशेबाशी ताडून पाहता येईल. ही सगळी कामे करायला संसदेत नवा कायदा लागत नाही. बहुतेक गोष्टी आयोगाला एका परिपत्रकाने सांगता येतील, उरलेल्या विद्यापीठांना आपल्या परिनियमांत घालता येतील, आणि आयकर अधिकाऱ्याला तर फक्त त्याच्याकडे आधीपासून असलेले कलम उघडून बघायचे आहे.